दोनशे बारा नंबरचा किडा

खाणीच्या जुन्या वजनकाट्याच्या शेडमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे छपरासाठी कापलेल्या दगडी पाट्या रचून ठेवायचे. आज पाट्यांच्या जागी माणसंच रचून ठेवली होती, आणि तीही खोकणारी. कुणी तोंडाशी रुमाल धरून खोकत होतं, कुणी शेजाऱ्याच्या मानेवर. पुढे एका लांब लाकडी बाकावर कोरी चादर अंथरली होती, बाकाशेजारी दगडांनी भरलेली टोपली होती आणि टोपलीमागे साक्षात छिन्नीबाबा उभा होता.

छिन्नीबाबा गावात येऊन चारच महिने झाले होते. आधी तो कुठे होता, काय करत होता, हे कुणी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती. अंगात पांढराशुभ्र सदरा, कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्यात पितळी मुठीची छिन्नी. आवाज असा, की लाउडस्पीकरनं लाजावं.

"डॉक्टर काय म्हणतो? छातीत जंतू आहे म्हणतो. कुणाला दिसला का? नाही! भिंगातून बघा म्हणतो. अहो, भिंगातून मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते! मी भिंग लावत नाही, सुई टोचत नाही. किडा काढतो आणि तुमच्या हातावर ठेवतो. बोट लावून बघा, चावला तर मला सांगा!"

लोक हसले, आणि हसता हसता पुन्हा खोकले.

सगळ्यांत मागे, लोखंडी खांबाला टेकून उभी असलेली बाई मात्र हसली नाही. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं त्याच भिंगाला डोळा लावून बसत होती. लोकांचे बेडके काचपट्टीवर पसरायचे, रंगवायचे आणि निळ्या पसाऱ्यात टीबीच्या लाल काड्या मोजायच्या, हे तिचं काम. गावात तिला सगळे स्लाइडताई म्हणत. ती इथे तमाशा बघायला आली नव्हती. औषधाच्या खिडकीवरच्या नर्सनं शुक्रवारी तिला हळूच सांगितलं होतं, "ताई, तुमचे दादा तीन आठवडे गोळ्या न्यायला आलेले नाहीत." वहिनीला विचारलं तर वहिनी भांडी घासत राहिली. मग शेजारीण म्हणाली, रविवारी शेडमध्ये बघ.

बाबानं हात वर केला. बाजूला उभ्या असलेल्या जाडजूड चेल्यानं घंटा बडवायला सुरुवात केली. "या, दादा. तुमचा किडा पिकलाय आता. या."

गर्दीतून पुढे गेला तो तिचाच भाऊ.

साठीला आलेला दादा, अंगानं निम्मा झालेला, सदऱ्याची बटणं काढत लहान मुलासारखा बाकावर आडवा झाला. बाबानं त्याच्या डोळ्यांवर ओली पट्टी टाकली. टोपलीत हात घालून, बराच वेळ चाचपून एक चपटा दगड काढला, दादाच्या छातीवर ठेवला आणि पुटपुटायला लागला. पुटपुटणं संपलं तशी घंटा वाढली, इतकी की कानठळ्या बसाव्यात. दगड उभा धरून बाबानं त्याच्या कडेला छिन्नी टेकवली, वर हातोडीचे दोन हलके घाव घातले. दगड पुस्तकासारखा उघडला.

"बघा!"

आत किडा होता. तळहाताएवढा, काळाकुळकुळीत, दगडाचा. पुढे ढालीसारखं डोकं, मागे बरगड्यांसारख्या ओळीच ओळी, शेवटी पंख्यासारखी शेपटी. बायका किंचाळल्या. दादा पट्टी काढून उठला, त्यानं किड्याकडे पाहिलं आणि ढसाढसा रडला. कितीतरी दिवसांनी सुटल्यासारखा रडला. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणूनच तिला ते बघवेना.

पण तिचे डोळे एकोणीस वर्षं बारकाईनं बघायला शिकलेले. बाबाच्या उजव्या हातातली फाक काळी होती आणि डाव्या हातातली करडी. एकाच दगडाच्या दोन फाका आणि दोन रंगांच्या! शिवाय हा किडा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. ट्रायलोबाइट. समुद्रात राहणारा, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी. या खाणीत त्याच्या सात जाती सापडतात, आणि हे रुंद शेपटीचं वाण फक्त तळच्या काळ्या थरात. वरच्या करड्या दगडात ते कधी म्हणजे कधीच नसतं. आणि तळचा टप्पा तर नऊ वर्षं पाण्याखाली गेलेला.

"एक मिनिट!" ती ओरडली. "हा रोगाचा किडा नाही. हे ट्रायलोबाइट आहेत. या खाणीच्या दगडात हे हजारोंनी सापडतात. आणि तुमच्या दोन फाकांचे रंग वेगळे कसे?"

घंटा थांबली. सगळी शेड तिच्याकडे वळली. बाबा जरासुद्धा गडबडला नाही. उलट त्याचा चेहरा फुलला.

"ऐकलंत? दवाखान्यातल्या ताई काय म्हणाल्या? किडे कुठे असतात? दगडात! हजारोंनी! आणि तुमच्या छातीत धूळ गेली ती कशाची? दगडाचीच ना? मग दगडातला किडा धुळीबरोबर छातीत जाईल नाही तर काय आकाशात जाईल? ताई, तुम्ही तर माझंच सांगितलंत! आणि रंगाचं म्हणाल, तर जी बाजू छातीला लागते, ती रोगानं काळी पडते. हातावर शाई सांडली तर हात काळा होतो, का नाही?"

टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "शिकून शिकून डोकं फिरतं ते असं." एवढ्या सरळ गोष्टीला काय उत्तर द्यावं ते तिला त्या क्षणी सुचलं नाही, आणि तो क्षण गेला.

बाबानं किडा कोऱ्या कापडात गुंडाळला, गाठीवर गाठ मारली आणि दादाच्या हातात दिला. "उशाशी टांगायचा. चाळीस दिवस गाठ सोडायची नाही. आणि डॉक्टरची गोळी घरात आणायची नाही. गोळीच्या वासानं किडा परत येतो."

दुपारी ती दादाच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, पाट्यांचं छप्पर. खाटेच्या वर खुंटीला ते बोचकं लटकत होतं, आणि खाटेशेजारीच पाच वर्षांची नात आजोबांच्या पायावर डोकं ठेवून चित्रं काढत बसली होती. तिनं पोरीला काहीतरी निमित्त काढून अंगणात धाडलं.

"दादा, दोन महिने गोळ्या घेतल्यास, खोकला थांबला, वजन वाढलं. मागच्या स्लाइडवर एकही काडी नव्हती. मी स्वतः बघितली. आणि आता सोडल्यास?"

"बरं वाटायला लागलं ते बाबांनी पहिल्यांदा हात लावला तेव्हापासून," दादा म्हणाला.

"बाबाकडे पहिल्यांदा कधी गेलास?"

"गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात. म्हणाले, किडा अजून पिकला नाही, पावणेतीन महिन्यांनी या. तोवर हवं तर गोळ्या घ्या. मग शेवटचे तीन आठवडे बंद करा."

लबाड माणूस, ती मनाशी म्हणाली. ज्याला औषधानं उतार पडतोय त्यालाच बाकावर घ्यायचं. जो गोळ्यांवाचून आहे त्याचा किडा जन्मभर कच्चाच राहणार.

"तू तरी असा कसा फसलास रे? तीस वर्षं तू स्वतः हे किडे दगडातून काढलेस. ते काय आहेत, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे."

दादा खुंटीकडे बघत म्हणाला, "चिमे, म्हणून तर. इतरांच्या छातीत नसेल एक वेळ, पण माझ्या छातीत नसेल तर कुणाच्या असणार? मीच त्यांना उठवलं. कोट्यवधी वर्षं निवांत पडले होते बिचारे. तूच सांगायचीस ना, भ्याले की अंगाचं मुटकुळं करतात, डोळे दगडाचे असतात, पिलं असतात. आणि मी एकेक घर फोडून बाहेर काढला. तुझ्यासाठी काढला, हौसेनं काढला, पण काढला मीच."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर डोळ्याला लावला.

स्लाइडताईला बसल्या जागी चोरट्यासारखं झालं. कारण हे सगळं तिनंच त्याला शिकवलं होतं. दादा पाट्यांचे थर सोडवण्यात पटाईत. दगडाला छिन्नी लावली की पापडासारखा पापुद्रा निघावा. दगडात किडा लागला की तो जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायचा. दगड फुटला की दोन फाका होतात. एकीवर किडा उठून दिसतो, दुसरीवर त्याचा खोलगट ठसा. ती म्हणायची, "तू शोधलास, किडा तुझा. मला ठसा पुरे." ठशात मऊ माती दाबली की तिला हवा तो आकार मिळायचा. मग ती पुस्तकं उघडून जात ठरवायची, वहीत लिहायची, आणि दादा दोन्ही फाकांच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं एकच नंबर घालायचा. अर्ध्या फाका त्याच्या पत्र्याच्या पेटीत, अर्ध्या तिच्या खणात. भावंडांची इस्टेट ती एवढीच.

"तुझी पेटी काढ बरं," ती म्हणाली.

उत्तर वहिनीनं दिलं. "पेटी नाही आता. महिना झाला, बाबांना देऊन टाकली. ते म्हणाले, आधी त्यांची माफी मागा, सगळे माझ्याकडे आणून सोडा. मी आणि हे, दोघं मिळून उचलून नेली."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काळा दगड नऊ वर्षांत कुठून निघाला नाही, मग बाबाकडे आला कुठून, याचं उत्तर खुंटीवर लटकत होतं. ती उठून बोचक्याकडे गेली, तसा दादा ओरडला, "हात लावू नकोस! परत येईल तो!" आणि ओरडण्यानं त्याला जी उबळ लागली ती काही केल्या थांबेना. थांबली तेव्हा रुमालावर लाल डाग होता. तिनं हात मागे घेतला.

त्याच्या मर्जीविरुद्ध गाठ सोडली तर तो भीतीनंच मरेल, हे तिला कळलं. निघताना तिनं फक्त एक छोटी डबी त्याच्यापुढे ठेवली. "यात सकाळचा बेडका दे. गोळी घेऊ नकोस, काही नको. एवढं माझ्यासाठी कर." दादानं मान डोलावली.

सोमवारी तिनं ती स्लाइड स्वतः रंगवली. पहिल्याच नजरेत काड्या दिसल्या. एक, तीन, सात, मग मोजायची गरज राहिली नाही. महिन्यापूर्वी निखळ निळी असलेली काचपट्टी आता लाल रेघांनी भरली होती. ती भिंगावरून डोळा उचलून खिडकीबाहेर बघत राहिली. असं मध्येच औषध सोडलेले रोगी तिनं पुष्कळ बघितले होते. कमजोर जंतू मरतात, उरलेले शहाणे होतात, मग त्याच गोळ्या त्यांना लागू पडत नाहीत. आणि दादाच्या खाटेशेजारी ती पोर चित्रं काढत होती.

घरी येऊन तिनं खण उघडला. जुनी वही काढली. वहीत प्रत्येक नंबरापुढे जात, थर, तारीख आणि शेरा. बाबाच्या हातात पाहिलेला तो किडा तिच्या डोळ्यांसमोर होता. डाव्या बाजूला मागच्या चार बरगड्या आखूड, जणू कुणी घास घेतलेला. असा तिच्याकडे एकच होता. दोनशे बारा.

पुढचा शेरा वाचला आणि तिला स्वतःची लाज वाटली. शेऱ्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कात.' वहीतल्या निम्म्याहून जास्त नंबरांपुढे तोच शब्द होता. ट्रायलोबाइट वाढताना कवच टाकून द्यायचा, पुन्हा नवं घालायचा. दगडात जे सापडतं ते बहुतेक हे टाकून दिलेलं कवच. डोक्याच्या दोन्ही कडांचे सुटे गाल नसले, की समजायचं प्राणी तिथून निघून गेला. ती हे दादाला कधी बोलली नव्हती. तो डबा उघडून 'अख्खा सापडला बघ' म्हणायचा, तेव्हा त्याचा चेहरा असा असायचा, की 'अरे, हे नुसतं टरफल आहे' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. तेवढ्या मायेच्या चोरीची ही शिक्षा होती, आणि ती भोगत होता दादा.

संध्याकाळी ती ठशाची फाक घेऊन दादाकडे गेली. ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही ओळखतोस?"

दादानं बोट फिरवलं. त्या बोटांना दगड वाचता यायचा. "तळच्या टप्प्यातली. तो पंप बंद पडला होता, त्या दिवशीची. याला कुणीतरी चावलं होतं, तू दाखवलं होतंस."

"हो. आणि अकरा वर्षं झाली त्याला. दादा, त्या बोचक्यात हाच असेल तर?"

"काहीतरीच. तो माझ्या छातीतनं..." दादा थांबला.

"तुझ्या छातीतला असेल तर या ठशात बसणार नाही. मी गाठ सोडत नाही. तू सोड, नाहीतर राहू दे. पण आधी हे ऐक. मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही." आणि तिनं कातीचं सगळं सांगितलं. गाल दाखवले, म्हणजे गाल नाहीत ते दाखवलं. "तू कुणाला उठवलं नाहीस. कुणाचं घर फोडलं नाहीस. त्यांनी टाकून दिलेले अंगरखे उचललेस फक्त. याला चावलं, जखम भरली, मग कात टाकून तो पुढे गेला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. चुकलं माझं."

दादानं हात लांब करून खुंटीवरचं बोचकं काढलं. एकेक गाठ त्यानं स्वतः सोडली. वहिनीनं नातीला जवळ ओढून घेतलं.

फाकेच्या पाठीवर करड्या राड्याचा जाड लेप होता. तिनं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. दादानं फाक बुडवली, अंगठ्यानं घासली. लेप साबणासारखा बुळबुळीत होऊन सुटला. दगडाची भुकटी आणि डिंक. त्याखालून पांढरा रंग वर आला. दोन. एक. दोन. दादाच्या हातचा, शेवटच्या दोनाची शेपटी लांब ओढलेला.

त्यानं दोन्ही फाका समोरासमोर धरल्या आणि मिटल्या. केस जायला फट उरली नाही.

"माझंच अक्षर," तो म्हणाला. फाका खाली ठेवत त्यानं विचारलं, "गोळ्या कुठायत?"

पुढच्या रविवारी शेडमध्ये दादा तोंडाला कापड बांधून पहिल्या रांगेत बसला होता. गोळ्या सुरू होऊन पाच दिवस झाले होते, बसवत नव्हतं, पण आला. शेजारी स्लाइडताई, पायाशी फडक्यानं झाकलेला तिचा अख्खा खण. त्या दिवशी बाकावर होती पाट्यांना भोकं पाडणारी एक तरुण बाई. नवरा खाणीतच गेलेला, दोन पोरं. बाबानं तिच्या डोळ्यांवर पट्टी टाकली, टोपलीत हात घातला, आणि दादा उठला.

"बाबा, एक विनंती आहे. तुम्ही माझा किडा काढलात. आता हिचा काढताना दगड मी धरतो. चाळीस वर्षं दगडच हाताळलेत, तुमच्या छिन्नीला हात लागावा एवढीच इच्छा."

लोकांना ते आवडलं. "धरू द्या, धरू द्या," म्हणून गलका झाला. बाबाला नाही म्हणता येईना. दगड दादाच्या हातात आला.

"आणि ती घंटा जरा थांबवा," दादा म्हणाला.

"घंटेशिवाय किडा सुटत नाही!"

"जरा थांबवा. मला ऐकू येत नाही."

चेला बावरून थांबला. दादानं दगड बोटांच्या टोकांवर तोलला आणि मधल्या बोटाच्या पेरानं वाजवला.

थप.

शेडमधलं प्रत्येक माणूस खाणीतलं होतं. पाटीचा एकसंध दगड कसा वाजतो हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. दादानं टोपलीतला दुसरा दगड उचलला. टण. तिसरा. टण. चौथा. थप. एकेक वाजवून तो दोन ढीग करत गेला. वाजणारे एकीकडे, मुके एकीकडे. मुके पाच निघाले. आता कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"घंटा कशाला, ते कळलं?" दादा म्हणाला. "आणि डोळ्यांवर पट्टी कशाला? पाथरवटाच्या डोळ्याला सांधा दिसतो, कानाला ऐकू येतो. म्हणून दोन्ही बंद करायचे. हे पाच दगड आधीच फुटलेले आहेत. किडा आत ठेवून, डिंकात भुकटी कालवून चिकटवलेत."

"खोटं!" बाबाचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "रोगी दगड असाच वाजतो! त्यात रोग भरलाय!"

"मग पाण्याला घाबरायचं कारण नाही," स्लाइडताई म्हणाली, आणि गर्दीतल्या एका वेल्डिंगवाल्यानं पाण्याची बादली पुढे ढकलली.

पाचही दगड बादलीत गेले. माणसं वाकून बघत राहिली. सांध्यातून आधी बुडबुडे आले, मग करडा गढूळपणा, आणि जरा वेळानं एक दगड छिन्नीवाचून, मंत्रावाचून, कुणाच्याही छातीवर न ठेवता आपोआप उघडला.

"काढू नका बाहेर," दादा म्हणाला. "आधी मी सांगतो. आखूड शेपटीचा आहे ना? तसा माझ्या पेटीत एकच होता, एकशे अडुसष्ट. पाठ घासून बघा."

पाठ घासली. एकशे अडुसष्ट. स्लाइडताईनं खणावरचं फडकं काढलं. एकशे अडुसष्टचा ठसा उचलून वर ठेवला, आणि तो बसला. मग दुसरा, मग तिसरा. पाचव्याला लोकांनी बघायचंही सोडलं, कारण चेला मागच्या दारानं निघाला होता आणि बाबा त्याच्या मागून. कुणी धावलं, कुणी दगड उचलला. दादानं दोन्ही हात पसरले. "दगड खाली ठेवा. पोलिसांना बोलवा. त्याला मारून माझी छाती साफ होणार नाही."

फाटकाशी दोघांनाही धरून बसवलं. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी तावातावानं पुढे आली. "पण माझ्या लेकाला बरं वाटलं होतं त्याचं काय?"

"गोळ्यांनी वाटलं, मावशी," स्लाइडताई म्हणाली. या वेळी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "गोळ्यांनी दोन महिन्यांत खोकला थांबतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. बाबा तेवढे दोन महिने थांबायचा आणि श्रेय घ्यायचा. हे दगडातले किडे माणूस जन्मायच्या कितीतरी आधी संपले. त्यांनी माणूस पाहिलाच नाही, ते त्याच्या छातीत शिरतील कसे? छातीत जाते ती धूळ. धुळीनं खरवडलेल्या छातीत टीबी लवकर शिरतो. त्यावर औषध आहे, आणि ते पुरतं घ्यावं लागतं. तोंडाला कापड बांधा, दगड फोडताना पाणी मारा, मालकाकडे पाण्याच्या नळ्या मागा. माझ्या भिंगातून ज्याला बघायचं असेल त्यानं यावं, मी दाखवीन. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बघा आणि मग ठरवा."

दादा खाली बसत म्हणाला, "दगड हातात आला की आपण आधी वाजवून बघतो. कुणी काही सांगितलं तर तेही वाजवून बघत जा."

बाकावरची बाई केव्हाच पट्टी काढून उठली होती. पट्टी हातात धरून ती विचारत होती, औषधाची खिडकी उद्या किती वाजता उघडते.

गोष्ट इथे संपवता आली असती तर बरं झालं असतं. बाबाच्या सांगण्यावरून गोळ्या सोडलेले एकूण अकरा जण निघाले. आठ परत आले. दोघे म्हणाले, तो बाबा खोटा असेल, पण दुसऱ्या गावचा खरा आहे. एकाला यायला जमलंच नाही, तो आधीच गेला होता; बोचकं त्याच्या उशाशी तसंच टांगलेलं होतं.

नातीची तपासणी झाली. तिला रोग नव्हता, पण खबरदारी म्हणून तिलाही रोज एक गोळी सुरू झाली. दादाचा बेडका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. त्याच्या जंतूंना अजून कोणती औषधं लागू पडतात हे कळायला दीड महिना लागणार होता. तोवर तो रोज सकाळी खिडकीवर यायचा, नर्ससमोर गोळ्या गिळायचा आणि प्रयोगशाळेच्या दाराशी जरा टेकायचा.

एकदा त्यानं विचारलं, "चिमे, ते मधले साडेतीन आठवडे... भरून निघतील ना गं?"

तिच्या ओठांवर 'निघतील की' आलं होतं. तीस वर्षांची सवय होती ती. तिनं भिंगावरून डोळा काढला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"माहीत नाही, दादा. दर महिन्याला तुझी स्लाइड मी बघणार. जे दिसेल ते सांगणार."

दादानं मान हलवली. "तेच सांग," तो म्हणाला, आणि तोंडावरचं कापड नीट बांधून घराकडे निघाला.